कुमुदताईंचं कंट्रोल-व्ही

कुमुद चौबळ वर्ध्याहून दिल्लीला आल्या तेव्हा सरकारी कार्यालयात कट-पेस्ट हे काम कात्रीनं आणि डिंकाच्या बाटलीनं चालायचं. साहेब टिपणाच्या मसुद्यातला तिसरा परिच्छेद कापून पहिल्याच्या वर चिकटवायचे, आणि मग तो गोधडीसारखा कागद नवीन टायपिस्टपुढे, म्हणजे तेवीस वर्षांच्या कुमुदपुढे, येऊन पडायचा. ‘‘मिस चौबळ, फेअर कर दीजिए.’’ लग्नानंतरही आडनाव चौबळच राहिलं, कारण सूर्यकांतही चौबळच निघाले. त्यावरून माहेरी बरेच दिवस हशा चालला होता.

आता त्या सहायक विभाग अधिकारी होत्या, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होत्या, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि त्यांच्याइतका कॉम्प्युटर सेक्शनमध्ये कुणालाच कळत नव्हता. हे अर्थात त्या कुणाला कळू देत नसत. कळलं की लोक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात.

मुलगी उत्तरा गुडगावला नोकरीला. तिनं एकदा आईच्या लॅपटॉपवर एक साधा टेक्स्ट एडिटर टाकून दिला आणि म्हणाली, ‘‘आई, यात सगळं तुझ्या मर्जीनं बदलता येतं. सेटिंगची फाइल उघड आणि लिही, बस.’’

‘सगळं तुझ्या मर्जीनं’ हे शब्द कुमुदताईंना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी ऐकवले नव्हते. त्या त्याच संध्याकाळी कामाला लागल्या.

आधी त्यांनी पेस्टचा रंग काढला. मेलमधून मजकूर उचलला की त्याच्याबरोबर जांभळी अक्षरं आणि पिवळी पट्टी येई, ती येणं बंद. मग दोन शब्दांमधली जादा मोकळी जागा आपोआप मिटायची सोय केली. एडिटरला आणखी एक खोड होती: काही न निवडता ‘कट’ दाबलं की तो सबंध ओळच गिळायचा. अवर सचिवांचं एक वाक्य असं गेलं आणि त्यावाचून पत्राचं काही अडलं नाही, हे पाहून कुमुदताई जरा वेळ विचारात पडल्या. पण नियम तो नियम. ती खोडही मोडली.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्ट घडली नसती. पण त्या महाराष्ट्र स्नेहमंडळाच्या वार्षिक अंकाच्या संपादक होत्या, आणि मंडळाचे अध्यक्ष होते सुभेदार मेजर हिंदुराव थोरात, निवृत्त.

हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. मुलगा युवराज फौजेतच, त्याच्या कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरमध्ये ते आणि पत्नी विजयमालाबाई राहत. माणूस सरळ, छाती पुढे, आवाज परेड ग्राउंडवरचा. लेख मात्र ते फोनला बोलून लिहायचे, आणि फोनपुढे उभे राहिले की त्यांच्या अंगात भाषण यायचं. त्या वर्षीचा लेख असा सुरू होत होता: ‘आमच्या अत्यंत शूर अशा पलटणीतील अत्यंत महान जवानांच्या अत्यंत पवित्र आठवणी सांगताना खरोखरच ऊर अत्यंत भरून येतो.’

‘‘अहो, पाच ओळीत सात ‘अत्यंत’,’’ कुमुदताई म्हणाल्या.

‘‘अध्यक्ष आहेत ते,’’ सूर्यकांत वर्तमानपत्रातून म्हणाले. ‘‘हात लावू नकोस. बिल्कुल नको.’’

कुमुदताईंनी हात लावला नाही. त्यांनी सेटिंगची फाइल उघडली आणि एक छोटी यादी लिहिली: अत्यंत, खरोखरच, महान, पवित्र. पेस्ट होताना या यादीतला शब्द दिसला की वगळायचा. मग लेख मेलमधून उचलला आणि कंट्रोल-व्ही दाबलं. बस. हात कुठे लावला?

झालं असं की विशेषणांचं रान साफ झाल्यावर मागे एक खेचर उभं दिसलं. राणी तिचं नाव. बर्फातल्या चौकीवर रॉकेलचे डबे नेणारी. ‘राणी चालेना. मी तिला मिठाचा खडा दिला. ती चालली. वर पोचल्यावर तिनं माझ्या खिशाला तोंड लावलं. मीठ संपलं होतं.’ कुमुदताईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसला.

अंक निघाला आणि लोक हिंदुरावांना रस्त्यात थांबवून सांगू लागले. करोल बागेतल्या एका सराफानं तर खेचर जिवंत आहे का विचारलं. हिंदुरावांनी छापलेला लेख घरी तीनदा वाचला, काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते सापडेना. शेवटी ते सभेत म्हणाले, ‘‘फौजी भाषा आहे. नेमकी असते.’’ कुमुदताईंनी पहिल्या रांगेतून जोरात टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी लेखाचा विषय होता ‘आमचे घराणे’. यात ‘अत्यंत’ कमी होते, पण ‘थोर’ जागोजागी. थोर पूर्वज, थोर परंपरा, थोर विहीर. विहीर थोर कशी असेल ते कुमुदताईंना कळेना. त्यांनी यादीत पाचवा शब्द घातला आणि पेस्ट केलं. एप्रिल होता, संसदेचं अधिवेशन चालू होतं, कार्यालयात प्रश्नांची उत्तरं तासातासाला मागितली जात होती. लेखाचं नाव आणि लेखकाचं नाव त्यांनी वर हातानं टाइप केलं आणि फाइल छापखान्यात धाडली. प्रुफं तपासायचं काम सूर्यकांतांकडे होतं. ते पहिलं आणि शेवटचं पान बारकाईनं वाचत.

एक मेला प्रकाशन. सभागृहात कूलर घरघरत होते, समोर दोनशे माणसं. हिंदुरावांनी अंकावरची रिबीन सोडली आणि सूत्रसंचालकानं विनंती केली, अध्यक्षांनी दोन परिच्छेद वाचून दाखवावेत.

हिंदुराव उभे राहिले, अंक हातभर लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले.

‘‘आमचे... आत घराणे मूळचे... आतवाडीचे.’’

ते थांबले. सभाही थांबली. पण फौजेत हुकूम जसा लिहिलाय तसा वाचायचा असतो. ते पुढे गेले.

‘‘माझे ले बंधू आणि ल्या काकू...’’

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कुमुदताईंनी घाईनं अंक उघडला. मशीनला ‘थोर’ दिसला की तो उचलायचा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मग तो थोर पूर्वजांतला असो, थोरल्या काकूंमधला असो, की थोरातांमधला. पानभर तुटके काने लटकत होते, प्रत्येकाच्या डोक्यामागे ठिपक्यांचं एक गोल भूत.

‘‘आतांनी कधी माघार घेतली नाही!’’ हिंदुराव गरजले आणि सभागृह कोसळलं. लोकांना वाटलं, अध्यक्षांनी यंदा विनोदी लेख लिहिलाय. टाळ्या थांबेनात. हिंदुराव लालबुंद होऊन खाली बसले, आणि त्यांची नजर सरळ संपादकांवर आली.

रविवारी सकाळी कुमुदताई ऑटोनं कॅन्टोन्मेंटला गेल्या. सूर्यकांत म्हणाले होते, छापखान्याची चूक म्हणून सांग. पण खोटं बोलायला त्यांची ना नव्हती, कंटाळा होता. खोटं पुढे सांभाळावं लागतं.

बैठकीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. यादी, पेस्ट, पाचवा शब्द. हिंदुराव ताठ बसून ऐकत होते. विजयमालाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच ट्रे धरून उभ्या राहिल्या.

‘‘म्हणजे मागल्या वर्षी खेचराच्या लेखातनंपण उडवले?’’ हिंदुरावांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘किती?’’

‘‘एकशे बेचाळीस.’’

‘‘आणि लोक छान म्हणाले ते त्यामुळं?’’

‘‘नाही हो,’’ कुमुदताई म्हणाल्या, आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. ‘‘मी एकही शब्द घातला नाही, सुभेदारसाहेब. मीठ, खडा, खिसा, सगळं तुमचंच. मी फक्त समोरची गर्दी हटवली.’’

विजयमालाबाईंच्या हातातला ट्रे हलू लागला. कप किणकिणले. त्या हसत होत्या.

‘‘अवं, चाळीस वर्सं मी ह्यास्नी हेच सांगतीया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ताई, ते बटण घरच्या बोलण्याला लावता येतंय का?’’

हिंदुरावांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. ‘‘ल्या काकू,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘आमची थोरली काकू जिती असती तर तिनं काठी घेतली असती.’’ आणि परेड ग्राउंडवरच्या त्या आवाजात ते असे हसले की शेजारच्या क्वार्टरचं दार उघडलं.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी शिक्षा सुनावली. पुढच्या अंकात दुरुस्त लेख पुन्हा छापायचा. यादी त्यांना दाखवल्याशिवाय एकही शब्द वाढवायचा नाही. आणि तिसरं, ते मशीन कसं चालतं ते त्यांना शिकवायचं.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी हिंदुराव आर. के. पुरमला येतात. कुमुदताईंनी आधी मशीनला नीट समजावलं, की शब्दाच्या दोन्ही बाजूला मोकळी जागा असेल तरच तो काढायचा, कुणाच्या आडनावातून ओढायचा नाही. मग हिंदुरावांनी यादी वाचून काढली. ‘पवित्र’वर पाऊण तास वाद झाला. ‘थोर’ त्यांनी स्वतःच्या हातानं यादीत ठेवला, फक्त विहिरीसाठी सवलत मागितली. ती विहीर दुष्काळात आटली नव्हती, म्हणून. कुमुदताईंनी ती दिली. आता मंडळाच्या अंकावर ‘सहसंपादक’ म्हणून हिंदुरावांचं नाव येतं, आणि इतरांच्या लेखांबाबत ते कुमुदताईंपेक्षा निर्दय आहेत. उपाध्यक्षांचं मनोगत त्यांनी साडेतीन पानांवरून दीड पानावर आणलं आणि म्हणाले, ‘‘अजून सामान जादा आहे. चढ चढायचा नाही.’’

परवाच्या शनिवारी सूर्यकांतांनी आपला कुमाऊँच्या सहलीचा लेख मेल केला. बावीस पानं. सूर्योदयाचीच चार. आणि ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

‘‘माझ्या लेखाला हात लावायचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आधीच सांगतोय.’’

‘‘छे छे,’’ हिंदुराव म्हणाले. ‘‘हात कशाला?’’

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि यादीत ‘नयनरम्य’ लिहिलं. कुमुदताईंनी कंट्रोल-व्ही दाबलं.