कडावच्या आत्याची हळद

आमच्या कडावच्या आत्याच्या मते हळदीनं बरा होत नाही असा आजार देवानं निर्माणच केलेला नाही, आणि चुकून केला असेल तर तो आजार नसून माणसाची नाटकं आहेत. खोकल्याला हळदीचं दूध, मुरगळलेल्या पायाला हळद-गुळाचा गरम लेप, बोट कापलं की वर चिमूटभर दाबायची, इथवर सगळ्यांच्याच घरी चालतं. आत्या तिथं थांबत नसे. म्हशीच्या खुराला हळद, आंब्याच्या छाटलेल्या फांदीला हळद, एकदा तर नळाच्या गळक्या पाइपाला तिनं हळदीचा लेप फडक्यानं बांधला होता. प्लंबर आला तेव्हा त्यालाच म्हणाली, "तुझं झालं की लेप पुन्ना बांध रं. आतून भरून येतं." मी नेरळहून रविवारी गेलो की दारातच, "सुकलास रं, हळद खातोस का नाय?" आणि उत्तराची वाट न बघता दुधाचा पेला पुढे. नाही म्हणायची माझी काय बिशाद!

गेल्या वर्षी आतोबांना, म्हणजे तिच्या यजमानांना, हृदयाचं दुखणं निघालं आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. आत्याचा गोळीवर भरवसा कुठला? तिनं जोडीला दोन्ही वेळ हळदीचा कडक काढा सुरू केला. डॉक्टरांना बोलली नाही. घरच्या हळदीचं डॉक्टरांना काय सांगायचं? महिन्याभरात आतोबांच्या नाकातून रक्त येऊ लागलं, ते थांबेचना. मी त्यांना आणि आत्याला गाडीत घालून कर्जतला नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा काढा बाहेर आला.

"आजी, आमटी-भाजीत घाला, पण या गोळीबरोबर काढा नको. रक्त जास्तच पातळ होऊ शकतं."

"म्हंजे माझ्याच हातानं झालं का हे?" आत्यानं विचारलं. मला तिच्याकडे बघवेना.

रक्त थांबलं, आतोबा घरी आले. आत्यानं मात्र हळदीचा डबाच शेजारी देऊन टाकला. आमटी पांढरी, बटाट्याची भाजी पांढरी, पोहेसुद्धा पांढरे. आतोबा आठवडाभर मुकाट्यानं गिळत राहिले. मग एका दुपारी, मी तिथंच होतो, ते स्वतः शेजारून वाटीत हळद मागून घेऊन आले आणि शेगडीपाशी ठेवली.

"डाक्टरीन म्हनली ना, जेवनात चालतं? घाल गं. तुझ्या हातचं खाऊन मी मरायचा नाय."

आत्यानं फोडणीत चिमूट सोडली, तीही अर्धीच. मग आतोबा जेवून, हात धुऊन येईपर्यंत ती त्यांच्या नाकाकडे एकटक बघत बसली. आपलं ताट वाढून घ्यायचं तिला सुचलंच नाही.