ट्रामनं निघालेला बाप्पा

दोन हजार सालच्या सप्टेंबरात पेट्रोलच्या भावावर चिडलेल्या ट्रकवाल्यांनी तेलाचे डेपो अडवले. पोलिसांनी वाट मोकळी केली, तरी कंपन्या टँकर बाहेर काढेनात. आत टाक्या तुडुंब आणि बाहेर अख्खं मँचेस्टर खोळंबलेलं!

आमच्या मंडळाचा गणपती दरवर्षी मोटारींच्या ताफ्यानं ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचा. यंदा पेट्रोल होतं फक्त डॉक्टर उल्का वर्तकांच्या गाडीत. पेशंटच्या घरी जाण्यासाठी डॉक्टरांना ते राखीव मिळायचं.

"ताई, बाप्पासाठी एकच खेप!" आम्ही गळ घातली.

"बाप्पाला पेट्रोल लागत नाही. माझ्या पेशंटना लागतं."

मूर्ती मांडीवर घेऊन त्या सरळ ट्राममध्ये बसल्या. आम्ही चडफडत मागोमाग. सेल नावाच्या स्टॉपवर उतरून जवळच्या मर्सी नदीत विसर्जन झालं.

पुढच्या वर्षी पेट्रोल मुबलक होतं. सगळे मोटारी घेऊन हजर. मूर्ती उचलून उल्काताई मात्र ट्रामच्या स्टॉपकडे वळल्या.

"अहो ताई, आता पेट्रोल आलंय ना?" मी ओरडलो.

"आलंय. पण नळ अजून त्या तेल कंपन्यांच्याच हातात आहे," त्या चालता चालता म्हणाल्या. "मोरया म्हणा आणि चला."