आज कोणीच घास टाकला नाही

मंडळी, आज मला काही बायकांचा फार अभिमान वाटतो आहे, म्हणून लिहिते.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका तुरुंगाच्या आवारातली भटकी मांजरं पकडून आम्ही त्यांची नसबंदी करून घेतो आणि पुन्हा तिथेच सोडतो. एक पांढरी मांजर तेवढी राहिली होती. ती आज सापडली नसती, तर तुरुंगाचे साहेब तिला पोत्यात घालून रानात सोडणार होते.

महिला कैदी तिला रोज ताटातला भात घालायच्या. भरल्या पोटी ती पिंजऱ्यात कशाला शिरेल? म्हणून मी सकाळीच त्यांना खडसावलं, "आज एक घाससुद्धा टाकायचा नाही."

"उपाशी ठेवता काऊन, बाई? कशी वरडून राह्यली पाहा," त्यांच्यातली शांताबाई म्हणाली. तिनेच मांजरीला लहानाचं मोठं केलंय. तरी ती घास मुठीत दाबून, तोंड फिरवून बसली.

दुपारी सुक्या मासळीच्या वासाने मांजर आत शिरली. दार पडलं.

"ऑपरेशन झालं की इथेच आणते," मी म्हणाले.

"बाहीर जाऊन इथं वापस येनारी हेच एक येडी!" शांताबाई डोळे पुसत हसली. पहाऱ्यावरची बाईसुद्धा हसली.

हुकूम सोडणं मला सोपं होतं. तो घास मुठीत धरून ठेवणं तुम्हाला जमलं असतं का?