अब्बासची जागा

दुपारी जेवून हणमंत डवरी कॉटवर आडवा होतो. डोळे जडावलेत, पण राग काही केल्या निजत नाही. आज संध्याकाळी कित्येक वर्षांनी बिजली बेंजो पार्टी पुन्हा वाजणार आहे, विट्यात चौकाचौकात बोर्ड लागलेत. आणि बेंजोवर कोण? तर टेप! बेंजो वाजवणारा अब्बास मुजावर जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून पार्टीचा मालक चंदर गुरवनं एका जुन्या वरातीची कॅसेट हुडकली, स्टुडिओतून साफ करून आणली, आणि आता तीच स्पीकरवर लागणार. खुर्चीत हार घातलेला फोटो, मागून टेप, आणि तिच्या तालावर हणमंतानं ढोलकी बडवायची! काल तालमीत तो घसा बसेपर्यंत भांडला. चंदर ऐकेल तर शपथ. आज जाऊन बसावं तर अब्बासची विटंबना, न जावं तर पार्टीच बुडाली. चरफडत तो कूस बदलतो. पंख्याची घरघर लांब जाते.

कॉट हलायला लागते. कॉट कुठली, टेम्पोचा हौदा आहे तो. वरात हणमंताच्याच स्वयंपाकघरातून चाललीय. फडताळाला घासत टेम्पो वळतो आणि चहाचं आधण ठेवणारी बायको जरा बाजूला सरकते.

समोर अब्बास बसलाय. पार्टीचा लाल डगला, मांडीवर बेंजो, कपाळावर आठ्या.

"फोटोला हार कुणी घातला?" तो विचारतो.

"चंदरनं."

"झेंडूचा?"

"प्लॅस्टिकचा."

"बघ! जित्तेपणी कधी गरम भजी खाऊ घातली न्हाईत, आन् आता हार बी खोटा."

हणमंताला हसू येतं आणि पाठोपाठ संताप. मेलेल्या माणसावर असं खेकसू नये, पण तो खेकसतो. "तुला काय घाई झालती रं जायाची? थोडी कळ काढली असतीस तर हार बी नको आन् टेप बी नको!"

"मला इचारून न्हेलं व्हय?" अब्बास गुरकावतो. "आन् ती कॅसेट कुठली, सांग की. लेंगरे गावच्या वरातीची. त्या दिवशी अंगात ताप हुता माझ्या. दुसऱ्या कडव्यात बोट घसरलंय. आता जवा लावतील तवा त्येच बोट घसरणार! मी सुधारायचं कवा?"

टेम्पो आता मंगल कार्यालयात उभा आहे. पंगती बसल्यात, पण सगळे पाठमोरे, आणि ताटांत नुसतं पाणी वाढलेलं. भिंतीतून टेपचा आवाज येतोय, एकसारखा, दम न घेता. कुणी नाचत नाही.

"ऐकलंस?" अब्बास म्हणतो. "नवरदेवाचा मामा नाचाय उतरला की कडवं वाढवायचं असतंय. एखादी म्हातारी मधी आली तर हात आवरायचा असतोय. ह्या टेपला काय दिसतंय? आंधळी हाय ती. आन् तू तिच्या मागनं जाणार?"

"मग करू काय?" हणमंत ओरडतो. "पार्टी मोडू? तुझी जागा रिकामी बघवत न्हाई मला, म्हणून जो दिसंल त्याच्या अंगावर जातोय. बायकोवर बी ओरडलो सकाळी."

वरात कालव्याच्या पाण्यावरून चाललीय, चाकं मात्र कोरडीच. अब्बास मान खाली घालून बेंजो छेडतो, जोरात, रागारागानं, आणि टण्‌कन तार तुटते.

वरातीत हे नेहमीचंच. तार तुटली की अब्बास नवी चढवायला घ्यायचा, आणि तोवर हणमंत एकटा ढोलकी घुमवत नाचणाऱ्यांना नाचतं ठेवायचा. बेंजो थांबलाय हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. आताही त्याचे हात आपोआप ढोलकीवर पडतात.

"हां," अब्बास म्हणतो. "आता आलं ध्यानात? तार बदलून हुईस्तोवर वाजीव."

"किती येळ लागंल?"

"मर्दा, ह्ये कवापासनं इचाराय लागलास तू?" अब्बास तुटकी तार खसकन ओढून काढतो आणि हणमंताच्या हातात कोंबतो. "धर. आन् थांबू नगंस."

उकाड्यानं हणमंताला जाग येते. वीज गेलीय, पंखा बंद. घट्ट मिटलेल्या मुठीत काहीतरी टोचतंय. तो मूठ उघडतो. वीतभर पोलादी तार, एका टोकाला पीळ, तळव्यावर रक्ताचा बारीक थेंब. या घरात बेंजो कधीच नव्हता.

तो तिच्याकडे बघत राहतो. मग उठून चंदरला फोन लावतो.

"टेप काढून टाक."

"हणमंता, परत त्येच? अरे मग बेंजोच्या जागी काय वाजवायचं?"

"ढोलकी. एकटी."

"आन् लोक इचारतील की, अब्बास कुठं हाय म्हणून!"

"सांग त्यास्नी," हणमंत म्हणतो, "तार बदलतोय."