डावा कौल

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवीवर चिडले होते. नंदाखाल गावातल्या आमच्या घरात सकाळचा दिवा मीच लावायची, तो आठवडाभर लावला नव्हता. कशाला लावू? सदतीस वर्षांचं वय, छातीत गाठ, मुंबईच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासली आणि कॅन्सर म्हणून सांगितलं. उशीर करू नका, लगेच ऑपरेशन करा, असंही बजावलं.

गाठ आतल्या बाजूला होती, मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तिथे. त्यावरून माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊंनी, आपलं शास्त्र काढलं. "काखेत काही लागत नाही ना? मग पसरलं नाही. काखेकडची गाठ वाईट असते." अहो, डॉक्टर कोण, ते की तुम्ही? पण आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं कौल लावून ठरायचं आणि भाऊंचा शब्द शेवटचा. माझे यजमान त्यांच्यापुढे मान वर करत नसत.

कौल म्हणजे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवतो, घरचा कर्ता प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भाऊ गाभाऱ्याशी, आम्ही बायका लांब मंडपात. डावी पडली. भाऊ बाहेर येऊन म्हणाले, "देवी नाही म्हणते. ऑपरेशन आता नको, नवरात्र झाल्यावर बघू." नवरात्र दोन महिन्यांवर होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चारचौघांत तोंड मिटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच देवळात गेले आणि देवीशी मोठ्याने भांडले. "इतकी वर्षं तुझी ओटी भरली, त्याचं हे फळ? माझ्या दोन पोरी अजून शाळेत आहेत. नाही म्हणताना तुला काहीच कसं वाटलं नाही गं?"

मागे एक अनोळखी बाई नारळ घेऊन उभी होती. जवळच्या फुलपाड्याची, कॅन्सरच्या वॉर्डात नर्स. तिने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, काखेत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आतल्या बाजूची गाठ कधी कधी छातीच्या हाडामागे पसरते, ते हाताला लागतच नाही. आमच्याकडे अशा बायका उशिरा येतात, फार वाईट वाटतं." थोडं थांबून तिने विचारलं, "पण देवीला नेमकं विचारलं काय होतं?"

मला कुठे ठाऊक? गुरव दिव्यात तेल घालत होता, त्याला हाक मारली. तो सहज म्हणाला, "भाऊंनी इचारलं, नवरात होईस्तवर थांबलं तर चालंल ना?"

म्हणजे देवीने थांबायलाच नाही म्हटलं होतं! भाऊंनी माझ्या जिवाचा प्रश्न मला न विचारता विचारला, आणि उत्तरही आपल्या सोयीचं ऐकलं. मी देवीपुढे डोकं टेकून ढसाढसा रडले. उठले तेव्हा ती बाई निघून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

घरी येऊन भाऊंना सगळ्यांसमक्ष सांगितलं. गुरवाला बोलावू का, असंही म्हटलं. ते पार वरमले. म्हणाले, "मला वाटलं... डावी म्हणजे नाही, एवढंच डोक्यात राहिलं." ऑपरेशनची भीती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती, हे तेव्हा कळलं. तरी राग गेला नाही.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. काखेतल्या ग्रंथी तपासल्या, त्यांत कॅन्सर नव्हता, पण जागा आतली म्हणून डॉक्टरांनी हाडालगतही किरणांचे शेक दिले. त्याला आता बरीच वर्षं झाली. दोघी पोरींची लग्नं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती बाई देवीने धाडली की आपली नारळ वाढवायला आली होती, मी वाद घालत नाही. हात जोडते. सगळं देवीवर सोपवावं हे मला पटलेलं आहे. पण तिच्या पायांवर डोकं ठेवायचं तर आपलं आपण ठेवावं, दिराच्या हाती पाठवू नये.