दादांच्या मशीनची शिट्टी

माझे वडील, आमचे दादा, राजुरीत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्नं असायचीच, पण जास्त करून दशक्रिया. आमच्याकडं दहाव्याला नदीवर पिंडदान, मग प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. घर कसलंही असो, कर्ण्याशिवाय दहावा होत नाही. दादांचं मशीन, म्हणजे अँप्लिफायर, जुनं, काचेच्या व्हॉल्वचं, उचलताना कंबर धरणारं. नव्वदनंतर सगळ्यांनी ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं घेतली, पण दादा हलले नाहीत. "ह्याच्यात मान्साचा आवाज मान्सासारखा येतो," म्हणायचे. आणि यायचा, उगाच कशाला नाही म्हणू!

बारावी नापास होऊन मी तेव्हा घरी बसले होते आणि आईच्या मते दादांबरोबर हिंडून आणखी वाया जात होते. खोडदच्या एका दहाव्याला मी अशीच गेले. बुवांनी प्रवचन सुरू केलं आणि त्यांच्या आवाजामागून एक बारीक, टोकदार शिट्टी यायला लागली. बायांनी कानावर पदर घेतले. ज्यांचा दहावा होता त्यांची मुलगी रडायची थांबून कर्ण्याकडं बघायला लागली. आणि आमचे दादा? मशीनपाशी हाताची घडी घालून समाधानानं मान डोलवत उभे! मी लांबून खुणा केल्या. त्यांना वाटलं मी आवाज वाढवा म्हणतेय, तर त्यांनी वाढवला. शेवटी मीच पळत जाऊन बटण खाली फिरवलं.

वायरी गुंडाळताना एक पाहुणे हसत म्हणाले, "दादा, आमच्या खोडदच्या दुर्बिणीच्या त्या मोठ्या छत्र्या आभाळातलं ऐकत्यात म्हनं. आज त्यास्नी तुमची शिट्टीच ऐकू गेली आसंल, राव!"

"कसली शिट्टी?" दादा एकदम तडकले. "लोकांस्नी नावं ठेवायाला कायतरी लागतंच."

गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या दहाव्याला ज्यांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, ते लोक मंचरहून मशीन आणतो म्हणून मोकळे झाले. दादांनी त्या दिवशी जेवताना ताट बाजूला सारलं. त्यांच्या कानावर कोणी बोट ठेवलं नव्हतं आजवर. पंचक्रोशीतला कुठलाही रेडिओ नुसता ऐकून ते त्याचं दुखणं सांगायचे. त्यांच्याकडं मीटर नव्हता. कान हाच मीटर.

मी तोंडाची फटकळ. म्हणाले, "दादा, शिट्टी होती. चला, मशीन उघडू."

दुपारी पडवीत मशीन उलटं करून तळाचा पत्रा काढला आणि कर्णा जोडला. माईकची पिन उपसून ठेवली, म्हणजे कर्ण्याचा आवाज माईकमध्ये शिरतोय असं म्हणायला जागा नको. बटण फिरवलं. माईक नाही, काही नाही, तरी मशीन आपलं आपणच किंचाळत होतं. आई आतून ओरडली, "बंद करा गं बाई ते!" दादांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काय म्हनती ती?"

तेव्हा मला कळलं. ती बारीक शिट्टी त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हती.

आता दादांची एक रीत सांगायला हवी. जुन्या मशीनमध्ये माईकचा बारीक आवाज आणणारी वायर आणि कर्ण्याकडं मोठा आवाज नेणारी वायर शेजारी आल्या, की मोठा आवाज बारकीत शिरतो, तिथून पुन्हा मोठा होतो, असा गोल गोल फिरत राहतो आणि मशीन शिट्टी मारतं. म्हणून सगळे कारागीर वायरी लांब-लांब, मोकळ्या सोडतात. दादांना तो पसारा बघवायचा नाही. ते मेण लावलेल्या दोऱ्यानं सगळ्या वायरी वेणीसारख्या बांधायचे, मग ऐकायचे. शिट्टी आली तर तेवढी वायर सोडवायची, पुन्हा ऐकायचं. अशी त्यांची सगळी मशीनं देखणी आणि गप्प असायची. मध्यंतरी उंदरानं माईकची वायर कुरतडली, तेव्हा त्यांनी नवी घातली, बांधली, ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हणून तशीच ठेवली.

मी एक हात पाठीमागं घेतला, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, आणि दुसऱ्या हातात बांबूची काडी घेऊन वायरी हलवायला लागले. दादा वाकून बघत होते. कर्ण्याकडच्या एका व्हॉल्वच्या आतली पट्टी लाल झाली होती.

"आरं, ह्यो तापतोय का?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला. शिट्टी चालू असली की व्हॉल्व असा उगाच पेटतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी दोरा कापला आणि काडीनं ती नवी वायर बाजूला ढकलली. शिट्टी पटकन थांबली. हळूहळू पट्टीची लाली उतरली, काळी झाली. काडी सोडली, वायर जागेवर आली, पट्टी पुन्हा लाल. दादांनी काडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः करून बघितलं. पुन्हा पुन्हा. लाल, काळी, लाल. मधेच ते कान कर्ण्याला लावायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे.

"आता वाजती?"

"हो."

"आन् आता?"

"नाही, दादा."

त्यांनी मशीन बंद केलं. मी कापलेल्या दोऱ्याचे तुकडे गोळा केले.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले. दिवस मावळला होता. मी चहा नेऊन दिला, तर कप तसाच हातात धरून म्हणाले, "पोरी, रातकिडं हैत का गं अजून?"

"आहेत की."

"वरडत्यात?"

"लई वरडत्यात, दादा."

"मला वाटलं, औषध फवारून मेलं समदं," ते म्हणाले. मग मान समोरच्या उसाकडं वळवून, डोळे मिटून ऐकत बसले. रातकिडे घरामागच्या बाभळीत ओरडत होते.