खुडूक

पेठ वडगावजवळच्या तळ्यावर मी रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो. तिथं काठालाच ज्यांचा ऊस आहे त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पावणं. त्यांच्या लेखी बगळा, बदक, करकोचा, सगळ्या कोंबड्याच. "आज कुठली कोंबडी गावली, पावणं?" हे ते इतक्या मोठ्यानं विचारतात की होती तीही उडून जाते.

दरवर्षी ऊस तुटला की मामा पाचट पेटवतात आणि आग काठच्या लव्हाळ्यात खुशाल शिरू देतात. मग जळल्या जागेत उसाची एक सरी वाढते. "तळंच मागं सरकतंय, मी काय करू?" म्हणतात.

यंदा त्यांनी काडेपेटी काढली, तेव्हा मी लव्हाळ्यातलं पाणकोंबडीचं घरटं दाखवलं.

"खुडूक बसलीया?" त्यांनी विचारलं.

"अंड्यांवर बसलीय."

"मग खुडूक कोंबडीला कोण उठवतं व्हय?" काडेपेटी खिशात गेली. "पिल्लं निघाली की पेटवतो."

काही रविवारांनी गेलो, तर लव्हाळा उभाच. घरटं रिकामं होतं. मामा बांधावर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यातच काळी पिल्लं आईमागं पोहत होती. पिल्लांवरची नजर न काढता मामांनी विचारलं, "बघा की दुर्बिणीतनं. बसलीया न्हवं अजून?"

मी दुर्बीण डोळ्याला लावली.

"बसलीय की, मामा."

"तर! लई चिवट कोंबडी हाय."